तरुण वाइड रिसीव्हरची कुवत कशी ओळखावी? (२०२३च्या ड्राफ्टमधले चौघे)

रेनिअर

२७ एप्रिल २०२३. कॅन्सस सिटीत एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सुरू होता. पहिले एकोणीस खेळाडू निवडून झाले तरी त्यांत एकही वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारा खेळाडू) नव्हता. मग सलग चार गेले. विसावा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा सिॲटलला, एकविसावा क्वेंटिन जॉन्स्टन लॉस एंजेलिस चार्जर्सना, बाविसावा झे फ्लॉवर्स बाल्टिमोरला आणि तेविसावा जॉर्डन ॲडिसन मिनेसोटाला. एकाच रात्री, एकामागोमाग, जवळजवळ एकाच किमतीचे चार रिसीव्हर. पारख करायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

हा धागा आत्ता काढायचं कारण असं की या चौघांचे तीन हंगाम पुरे झालेत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पाचवं वर्ष हवं असेल तर संघाला ते तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत सांगावं लागतं. म्हणजे चाहत्यांनी वाद घालून मोकळं व्हावं इतकी सोपी ही गोष्ट नाही. संघाला पैसे टेबलावर ठेवून उत्तर द्यावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. तरुण रिसीव्हरमध्ये सगळ्यात आधी एकच बघायचं: तो मोकळा होतो का? वेग, उंची, उडी, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) आणि सुटलेले चेंडूसुद्धा त्यानंतर.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रिसीव्हरला प्रत्येक डावाआधी (म्हणजे चेंडू दर वेळी खेळात येण्याआधी) एक वाट ठरवून दिलेली असते, तिला रूट म्हणतात. दहा यार्ड सरळ जाऊन आत वळ, बारा यार्ड जाऊन मागे फिर, नाहीतर नुसता शेवटपर्यंत पळ. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरच्या कॉर्नरबॅकपासून (त्याला रोखणाऱ्या बचावपटूपासून) एक-दोन पावलांचं अंतर मिळवायचं. ते मिळालं तर चेंडू येतो, नाहीतर क्वार्टरबॅक दुसरीकडे बघतो आणि त्या रिसीव्हरची कागदावर कुठेच नोंद होत नाही.

आता स्मिथ-एन्जिग्बा. ओहायो स्टेट या कॉलेज संघात २०२१ साली त्याने ९५ कॅच आणि १,६०६ यार्ड (पकडलेल्या चेंडूंवर पुढे नेलेलं अंतर) केले. त्याच संघात गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे होते, जे पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये दहावे आणि अकरावे गेले. अशा दोघांच्या शेजारी उभं राहून सगळ्यात जास्त यार्ड या मुलाचे! १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोल या कॉलेज सामन्यात ते दोघे खेळले नाहीत, तर याने यूटाविरुद्ध १५ कॅच, ३४७ यार्ड आणि तीन टचडाउन केले. पुढचं वर्ष मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखण्याने वाया गेलं, फक्त तीन सामने आणि पाच कॅच. कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना, तो ४० यार्डांची शर्यत धावलाच नाही. पण वळणांच्या चाचण्या दिल्या. तीन शंकूंभोवतीची धाव ६.५७ सेकंदांत आणि मागेपुढे वीस यार्डांची शटल ३.९३ सेकंदांत. हे आकडे फार थोड्यांना जमतात.

सिॲटलमधलं पहिलं वर्ष: ६३ कॅच, ६२८ यार्ड, चार टचडाउन. एका कॅचमागे जेमतेम दहा यार्ड. विसावी निवड फुकट गेली असं तेव्हा कितीतरी जण म्हणत होते. पण बघा. सरावसामन्यात मनगट मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तरी तो पहिल्या आठवड्यात मैदानावर उतरला. पुढे डीके मेटकाफ आणि टायलर लॉकेट हे दोन प्रस्थापित रिसीव्हर होते. त्यामुळे याच्या वाट्याला जवळचे, झटपट फेकलेले चेंडू यायचे. आकड्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे आत वळताना त्याचा कमरेवरचा भाग अजिबात डगमगायचा नाही. कॉर्नरबॅकला वळण कळायचं तोवर हा वळून झालेला असायचा. डिसेंबर २०२३ मध्ये ईगल्सविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात ड्रू लॉकच्या २९ यार्डांच्या पासवर त्याने सामना जिंकून दिला. बदली क्वार्टरबॅकने अशा वेळी रुकीवर (पहिल्या वर्षाच्या खेळाडूवर) विश्वास टाकला होता, हे मला त्या कॅचपेक्षाही मोठं वाटलं.

दुसरं वर्ष १०० कॅच, १,१३० यार्ड. तिसऱ्या वर्षाआधी मेटकाफ पिट्सबर्गला गेला, लॉकेटला सोडलं, क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड आला आणि नवे आक्रमण-प्रशिक्षक क्लिंट क्युबियाक यांनी याला मधल्या जागेवरून काढून मुख्यतः कडेला उभं केलं. ११९ कॅच, १,७९३ यार्ड, लीगमध्ये सर्वांत जास्त. एका कॅचमागे पंधरा यार्ड. आणि फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना.

मुलगा तोच, पाय तेच. ६२८ यार्डांच्या वर्षातही ते पाय दिसत होते. तुम्ही कसं ओळखता ते लिहा. बाकीच्या तिघांवर मुद्दाम कमी लिहिलंय, जाणकारांनी भर घालावी.

---

गोदाकाठ

छान धागा. मी नाशिकहून रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून सामने बघतो, दोनच हंगाम झालेत. एक अडचण आहे. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो. रिसीव्हर चौकटीच्या बाहेर निघून जातो आणि परत दिसतो तो थेट चेंडू हातात आल्यावर. मग तो मोकळा झाला की नाही हे माझ्यासारख्याने बघायचं कसं?

---

रेनिअर

गोदाकाठ, अगदी खरी अडचण आहे. प्रशिक्षक जी फिल्म बघतात तिच्यात बावीसही खेळाडू दिसतात. ती पैसे भरून आपल्यालाही मिळते, पण तिच्याशिवायही बरंच जमतं.

चेंडू खेळात येण्याआधी एकच रिसीव्हर निवडा आणि त्याच्यासमोर कॉर्नरबॅक किती लांब उभा आहे ते बघा. सात-आठ यार्ड मागे असेल तर तो त्याच्या वेगाला घाबरतोय. अगदी नाकासमोर असेल तर तो म्हणतोय, ये, आधी मला ओलांड. याला प्रेस म्हणतात. पहिल्या पाच यार्डांत बचावपटू त्याला हातांनी अडवू शकतो, त्यापुढे धक्का दिला तर दंड. म्हणून ते पाच यार्ड म्हणजे तरुण रिसीव्हरची खरी परीक्षा. पहिली दोन-तीन पावलं चौकटीत दिसतातच. तो हात झटकून पुढे निघतो की कडेला ढकलला जातो? कडेला गेला तर रूट बिघडला, वेळ चुकली, क्वार्टरबॅकची नजर दुसरीकडे गेली.

मग रिप्ले. रिप्लेत बहुतेकदा रूटचा शेवट दाखवतात. तिथे चेंडूकडे न बघता कॉर्नरबॅकच्या कमरेकडे बघा. रिसीव्हर वळला तेव्हा कमर उलट्या दिशेला असेल तर काम झालं. पास चुकीचा पडला, दुसऱ्याला गेला, काही फरक पडत नाही. तुमच्या वहीत त्या मुलाला एक गुण.

---

प्रशांत_किनारा

लॉस एंजेलिसमधून लिहितोय, चार्जर्सचा चाहता आहे, त्यामुळे जॉन्स्टनची बाजू मांडणं माझं काम.

रेनिअर, तुमचीच कसोटी लावतो. १९ नोव्हेंबर २०२३, ग्रीन बे. चार्जर्स २३-२० ने मागे, शेवटची काही सेकंदं. क्वार्टरबॅक हर्बर्टने कडेने लांब पास टाकला. जॉन्स्टन कॉर्नरबॅकच्या एक पाऊल पुढे होता, चेंडू हातात आला आणि सुटला. सामना गेला. त्या एका चेंडूवर या मुलाचं नाव वर्षभर खराब झालं. पण मोकळा तो झाला होताच की! पहिल्या वर्षी ३८ कॅच आणि ४३१ यार्ड, मान्य, कमी आहेत. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक म्हणून जिम हार्बॉ आले, ५५ कॅच, ७११ यार्ड आणि आठ टचडाउन. २०२५ चा हंगाम साओ पावलोत चीफ्सविरुद्ध सुरू झाला, तर तिथेच दोन टचडाउन.

आणि सुटलेल्या चेंडूंचं म्हणाल तर जमार चेस आठवा. ऑगस्ट २०२१ च्या सरावसामन्यांत त्याच्या हातून चेंडू सुटत होते. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे नजर बसायला वेळ लागतोय असं तो म्हणाला, तर लोकांनी त्याला धारेवर धरलं. सिनसिनाटीने पाचव्या क्रमांकाची निवड वाया घालवली म्हणून ओरड झाली. त्याच हंगामात त्याने ८१ कॅच, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन केले. जेरी राइससुद्धा १९८५ मध्ये रुकी असताना चेंडू सोडायचा म्हणून टीकेचा धनी झाला होता. पुढे तो खेळातला सर्वश्रेष्ठ रिसीव्हर मानला गेला, ते सांगायला नको.

सुटलेले चेंडू वर्षावर्षाला कमीजास्त होतात. त्यांच्यावरून एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला निकालात काढणं अन्याय आहे.

---

रेनिअर

तुमचा मुद्दा मनापासून पटतो. ग्रीन बेचा तो चेंडू मी त्याच्या विरोधात धरतच नाही. उलट त्या खेळात त्याने केलेलं अवघड काम तो चेंडू सुटण्याआधीच झालं होतं.

पण किती सुटले यापेक्षा कसे सुटले हे बघावं. जॉन्स्टन टीसीयूत (त्याच्या कॉलेज संघात) असल्यापासून चेंडू छातीशी घेतो, हात पुढे करून बोटांत पकडत नाही. ड्राफ्टच्या आधीच पारखणाऱ्यांनी हे लिहिलं होतं. चेसचे हात पुढे जायचे, नजर बसत नव्हती. नजर बसते. अंगाशी घ्यायची सवय जायला फार वेळ लागतो, कारण घाईच्या क्षणी शरीर जुनंच करतं.

दुसरं, मोकळं होणंही एका प्रकारचं नसतं. जॉन्स्टन सरळ पळण्यात आणि आडव्या रूटवर मोकळा होतो. पावलं लांब, उडी जबरदस्त, कम्बाइनला साडेचाळीस इंच. मिशिगनविरुद्धचा त्याचा ७६ यार्डांचा टचडाउन बघा, पकडल्यानंतर तो कोणाच्या हाती लागत नाही. पण जिथे वेगात जाऊन एकदम थांबायचं आणि मागे फिरायचं असतं, तिथे एवढ्या मोठ्या शरीराला ब्रेक लावायला दोन पावलं जास्त लागतात. त्या दोन पावलांत कॉर्नरबॅक पोचतो. मिशिगननंतर लगेच अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्याला एका कॅचवर रोखलं, तीन यार्ड. टीसीयू ६५-७ ने हरली तेव्हा एकट्या रिसीव्हरला बोल लावता येत नाही. पण वरच्या दर्जाच्या कॉर्नरबॅकसमोर काय होतं ते त्या दिवशी दिसलं.

म्हणून माझं मत असं: जॉन्स्टन उपयोगी आहे, तिसऱ्या वर्षापर्यंत खूप सुधारला आहे, पण आक्रमणाचा पहिला माणूस तो होईल असं मला वाटत नाही. दुसरा रिसीव्हर लॅड मॅकॉन्की आला आणि रुकी असतानाच १,१४९ यार्ड करून गेला, तेव्हा हर्बर्टची नजर पहिल्यांदा कुठे जाते ते कळलं.

---

प्रशांत_किनारा

मॅकॉन्कीबद्दल वाद नाही. ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात त्याने एकट्याने १९७ यार्ड केले, बाकी सगळं आक्रमण झोपलं होतं. तरी दुसऱ्या नंबरचा रिसीव्हर म्हणून वर्षाला आठ टचडाउन देणारा माणूस कुठल्याही संघाला हवाच असतो. एकविसाव्या निवडीचं ते वाईट फळ नाही.

---

आकडेमोड

फिल्म बघणाऱ्यांना मान देऊन आकड्यांची बाजू मांडतो. एकूण यार्ड हा तरुण रिसीव्हरसाठी वाईट आकडा आहे, कारण तो संधीवर अवलंबून असतो. चांगला आकडा म्हणजे धावलेल्या प्रत्येक रूटमागे मिळालेले यार्ड. चेंडू याच्याकडे आला की नाही हे न बघता, पासच्या खेळात तो जितक्या वेळा धावला त्याने यार्डांना भागायचं. दोनच्या वर गेला तर उत्तम रिसीव्हर समजतात, एकच्या आसपास घुटमळत असेल तर काळजी. यात रेनिअर यांचं ‘मोकळा होतो का’ हेच वेगळ्या वाटेने मोजलं जातं, कारण जो मोकळा होत नाही त्याच्याकडे चेंडू जात नाही.

याच्या जोडीला कॉलेजमधलं वय बघा. एकोणीस-वीसव्या वर्षी मोठ्या संघात पहिल्या पसंतीचा झालेला मुलगा आणि बावीस-तेवीसव्या वर्षी स्वतःपेक्षा लहान मुलांविरुद्ध आकडे जमवणारा मुलगा, यांत पहिल्यावर माझा विश्वास जास्त. रोझ बोलच्या वेळी स्मिथ-एन्जिग्बा एकोणीस वर्षांचा होता.

पण आकडे एकट्याने पुरत नाहीत, हेही मीच सांगतो. डावांते ॲडम्सचं पहिलं वर्ष ४४६ यार्ड, दुसरं ४८३ यार्ड आणि एकच टचडाउन. दुसऱ्या वर्षी घोटा दुखावलेला, जॉर्डी नेल्सन पूर्ण हंगाम बाहेर, त्यामुळे सगळा बचाव याच्यावर. ग्रीन बेच्या चाहत्यांनी त्याला सोडून द्यायची मागणी केली होती. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन, आणि पुढची कित्येक वर्षं तो लीगमधल्या पहिल्या दोन-तीन रिसीव्हरांत होता. दोन वर्षांच्या आकड्यांत यातलं काहीच दिसलं नसतं. प्रेसमधून सुटण्याची त्याची पावलं मात्र तेव्हाही होती.

---

सातपुडा

ॲडिसन आणि फ्लॉवर्सवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

ॲडिसनचे पहिल्या वर्षी ७० कॅच, ९११ यार्ड, १० टचडाउन. चौघांत सगळ्यात चांगली सुरुवात. पण त्याच्या पलीकडे जस्टिन जेफरसन उभा असतो. बचावाचे दोन माणसं जेफरसनकडे गेले की ॲडिसनसमोर एकच उरतो. हा त्याचा दोष नाही, पण हिशेबात धरायला हवं. म्हणून मी त्याचे ते सामने बघितले ज्यात जेफरसन दुखापतीमुळे बाहेर होता. २३ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध: सात कॅच, १२३ यार्ड, दोन टचडाउन. मध्यंतराच्या जरा आधी शार्व्हेरिअस वॉर्डच्या हातात जवळजवळ गेलेला चेंडू त्याने हिसकावून घेतला आणि ६० यार्ड पळून टचडाउन केला. पुढच्याच आठवड्यात कर्क कझिन्सची टाच गेली आणि वर्षअखेरपर्यंत याला एकापाठोपाठ एक नवे क्वार्टरबॅक मिळाले. तरी ९११. एवढं बघितल्यावर मला त्याच्या कुवतीबद्दल शंका राहिली नाही. त्याचं वजन कम्बाइनला १७३ पौंड भरलं होतं, तेव्हा धास्ती होती की प्रेसमध्ये चिरडला जाईल. पाय इतके चपळ आहेत की त्याला पकडायचं कोणी?

फ्लॉवर्सची गोष्ट उलटी. बाल्टिमोरमध्ये पहिल्या दिवसापासून तोच मुख्य रिसीव्हर, शेजारी जेफरसन नाही. उंची पाच फूट नऊ इंच. पहिल्या वर्षी ७७ कॅच, ८५८ यार्ड, दुसऱ्या वर्षी १,०५९. आणि त्याच्या नावाला चिकटलेला एकच क्षण: जानेवारी २०२४ मधला चीफ्सविरुद्धचा सामना. टचडाउनच्या रेषेशी झेपावताना लजॅरियस स्नीडने चेंडू हातातून उडवला. बाल्टिमोर १७-१० ने हरलं. त्याच सामन्यात त्याचे ११५ यार्ड आणि संघाचा एकमेव टचडाउन होता, हे कोणी सांगत नाही. एवढ्या मोठ्या सामन्यात चीफ्सच्या त्या बचावासमोर रुकी मोकळा होत होता. मला त्याची पारख करायला सांगितली तर मी त्या सामन्याची फिल्म दाखवीन, तो चेंडू सुटलेला धरूनच.

---

गोदाकाठ

वाचून खूप कळतंय. आपल्याकडे रणजीतल्या सरासरीवरून कसोटीचा फलंदाज ओळखता येत नाही म्हणतात, तसंच कॉलेज आणि एनएफएलमध्ये आहे का? मैदान तर दोन्हीकडे तेवढंच.

---

सातपुडा

मैदान तेवढंच, पण खेळ बराच वेगळा.

कॉलेजात मैदानाच्या मधल्या खुणांच्या दोन रांगांत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू त्या खुणांवर किंवा मध्ये ठेवून खेळ सुरू होतो. त्यामुळे कॉलेजात एका बाजूला भलं मोठं रान मोकळं मिळतं आणि तिथे नुसत्या वेगावर निभावतं. एनएफएलमध्ये तेवढी जागा नाही. शिवाय कॉलेजात कॅच वैध ठरायला एक पाय रेषेच्या आत पुरतो, इथे दोन्ही लागतात. कडेच्या पासांवर पाय ओढत ठेवायची कला नव्याने शिकावी लागते.

आणि बऱ्याच कॉलेज संघांत रूट फार थोडे असतात. एकच मुलगा वर्षभर चार-पाच वाटा धावतो, प्लेबुक (ठरवलेल्या खेळांची वही) नसल्यासारखंच. इथे आल्यावर त्याला समोरचा बचाव ओळखून पळता पळता रूट बदलावा लागतो, आणि तेच क्वार्टरबॅकनेही ओळखलेलं असावं लागतं. दोघांनी वेगळं वाचलं की चेंडू एकीकडे, रिसीव्हर दुसरीकडे. घरी बघणाऱ्याला वाटतं पास खराब होता.

---

डोंबिवली_ते_डेट्रॉइट

वेगाबद्दल दोन ओळी. २०१७ मध्ये जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने नववा घेतला. पहिल्या हंगामात एकही कॅच नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप, ४.६२ सेकंद, एकोणसत्तरावा. २०२१ मध्ये १४५ कॅच, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला.

आणि आमचा अमन-रा सेंट ब्राऊन, चौथ्या फेरीत, ११२ वा. त्याच्या आधी सोळा रिसीव्हर गेले. पहिल्याच वर्षी ९० कॅच.

---

आकडेमोड

पुका नाकुआ विसरू नका. २०२३ चाच ड्राफ्ट, पाचवी फेरी, १७७ वा. रुकी हंगामात १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड, रुकीने केलेले सर्वाधिक यार्ड. या धाग्यातल्या चौघांच्याही पुढे. वेग बेताचा, कॉलेजात दुखापती, म्हणून खाली घसरला.

---

पडवी

नाकुआचं नाव निघालं म्हणून माझा मुद्दा मांडतो. तो अजून कोणी काढलेला नाही: ब्लॉकिंग, म्हणजे बचावपटूला अंगाने अडवणं. चेंडू धावणाऱ्याकडे असतो तेव्हा हा रिसीव्हर काय करतो?

नाकुआ, कप, सेंट ब्राऊन हे तिघेही अडवायला अंगावर जातात. यात नुसती जिगर नाही, खेळाचा हिशेब आहे. जो रिसीव्हर अडवू शकतो त्याला प्रशिक्षक प्रत्येक खेळात मैदानावर ठेवतात, त्यामुळे तो आला की आता पास आहे की धाव हे बचावाला कळत नाही. सेफ्टी (सगळ्यात मागे उभा असणारा बचावपटू) धावेसाठी पुढे येतो आणि त्याच्या मागे जागा उघडते. त्या जागेत हेच मोकळे होतात. म्हणजे रेनिअर म्हणतात ते मोकळं होणं निम्मं पावलांतून येतं आणि निम्मं या मेहनतीतून. तरुण मुलाची फिल्म बघताना मी आधी धावेचे खेळ बघतो. तिथे कॅमेरा नसतो, टाळ्या नसतात, पैसेही नसतात.

उलट उदाहरणही देतो. लाक्वॉन ट्रेडवेल, २०१६, मिनेसोटा, तेविसावा. कॉलेजात ब्लॉकिंगमध्ये त्याचं नाव होतं. पहिल्या वर्षी एक कॅच, १५ यार्ड. अंतरच मिळवता येत नव्हतं. तेव्हा अडवणं आलं म्हणजे झालं असं मी म्हणत नाही. पायांत काहीतरी असावंच लागतं, अडवण्याने ते वाढतं.

---

रेनिअर

पडवी, हा मुद्दा मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. ट्रेडवेलचं उदाहरणही नेमकं.

आणखी एक लिहिते. ‘हा फक्त मधल्या जागेवरचा रिसीव्हर’ हा शिक्का. मधल्या जागेवर कॉर्नरबॅक नाकासमोर येत नाही, दोन्ही बाजूंना वळायला जागा असते, म्हणून तिथले आकडे सोपे मानतात. जस्टिन जेफरसनवर हाच शिक्का होता. २०१९ मध्ये एलएसयू या कॉलेज संघाकडून १११ कॅच, १,५४० यार्ड, १८ टचडाउन, बहुतेक मधून. फिलाडेल्फियाने २०२० मध्ये एकविसावा जेलन रेगर घेतला, मिनेसोटाने लगेच बाविसावा जेफरसन. जेफरसनचे पहिल्या वर्षी १,४०० यार्ड, रेगरचे ३९६. स्मिथ-एन्जिग्बावरही तोच शिक्का बसला आणि क्युबियाकनी कडेला उभं केल्यावर तो पुसला गेला. मुलगा मध्ये उभा आहे ते त्याला तेवढंच जमतं म्हणून, की संघाला तिथे गरज आहे म्हणून, हे आधी विचारावं. सिॲटलमध्ये कडेला मेटकाफ होता, दुसऱ्या कडेला लॉकेट. मग रुकीने उभं कुठे राहायचं?

---

प्रशांत_किनारा

मग २०२४ च्या ड्राफ्टमधल्या ब्रायन थॉमसचं काय? जॅक्सनव्हिल, तोही तेविसावाच. पहिल्या वर्षी ८७ कॅच, १,२८२ यार्ड, १० टचडाउन. दुसऱ्या वर्षी आकडे एकदम कोसळले, चेंडू सुटले, दुखापती झाल्या. तुमच्या पद्धतीने त्याचं काय करायचं?

---

रेनिअर

त्याला सोडायचं नाही, असं माझं मत.

पहिल्या वर्षी जॅक्सनव्हिलचं आक्रमण मोडकळीला आलं होतं, ट्रेव्हर लॉरेन्स बराच काळ बाहेर, बदली क्वार्टरबॅक. तरी १,२८२. म्हणजे अंतर तो स्वतःच्या पायांवर मिळवत होता. २०२५ मध्ये प्रशिक्षक नवे, रूट नवे, चेंडू येण्याची वेळ वेगळी, आणि अंग दुखावलेलं. मी त्याचे दोन्ही वर्षांतले फक्त सरळ पळायचे आणि थांबून फिरायचे रूट शेजारी ठेवून बघणार आहे. कॉर्नरबॅक आजही त्याच्यापासून सात यार्ड मागे उभे राहतात का? राहत असतील तर लीगचा त्याच्या वेगावरचा विश्वास शाबूत आहे. चेंडू सुटतात ते हात पुढे करून की अंगाशी घेताना? आणि मधून आडव्या जाणाऱ्या रूटवर, जिथे मार बसणार हे माहीत असतं, तिथे तो शेवटचं पाऊल आखडतो का? या तिसऱ्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. पहिल्या दोन प्रशिक्षकाला दुरुस्त करता येतात.

पडवी, त्याचे धावेचे खेळ तुम्ही बघाल का? दोन्ही हंगामांतले चार-चार सामने पुरेत.

---

पडवी

बघतो. २०२४ च्या डिसेंबरमधले आधी घेतो, कारण तेव्हा संघाचे सामने हरून झालेले होते आणि तरी अंगावर जाणारा मुलगा कोण ते तिथे कळतं. पुढच्या आठवड्यात इथेच लिहीन.